‘उगम सापडला’ असं पेपर म्हणतो, तेव्हा काय विचारायचं?

दिवाळीत देऊळघाटला मामांकडे गेले होते. फराळाचं ताट समोर यायच्या आधी मामांनी फाइल पुढे सरकवली आणि विचारलं, “मंग काय वं पोरी, ते जागा सापडून डाग द्याचं कधी?”

प्रश्न मामांचा होता, पण त्यांच्या डोक्यात तो मीच भरवला होता. लहानपणच्या संधिवाती तापानं मामांची हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे आणि गेली काही वर्षं त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी या विषयावरचा २०१२चा एक गाजलेला पेपर वाचला आणि उत्साहात फोनवर सांगून टाकलं, “मामा, आता कॉम्प्युटर नेमकी जागा दाखवतो. तिथे कॅथेटरनं डाग दिला की झालं!” मामांनी त्याचा सरळ अर्थ काढला: आता बरंच व्हायचं आहे, तर रक्त पातळ करायच्या गोळीसाठी दर महिन्याला बुलढाण्याला जाऊन रक्त कशाला तपासायचं? दोन तपासण्या चुकल्या, मधे गोळ्याही चुकल्या. सुदैवानं काही झालं नाही. पण या आजारात ती गोळी चुकणं म्हणजे मेंदूत गुठळी जाण्याचा, लकव्याचा धोका.

त्या वेळी मी पेपरचा निष्कर्ष वाचला होता, पेपर वाचला नव्हता. आज तोच पेपर तुमच्यासोबत परत वाचायचा आहे. तुम्ही हृदयावर काम करणार नसाल तरी हरकत नाही. ‘आम्हाला उगम सापडला’ असं म्हणणारे पेपर प्रत्येक विषयात असतात.

जिथे उगम खरंच सापडतो

आधी हे सांगायला हवं की हृदयाच्या काही आजारांत उगम शोधणं हे चोख, सिद्ध झालेलं शास्त्र आहे.

गावात एखादी बातमी पसरली आणि ती कुठून निघाली हे शोधायचं असेल, तर आपण प्रत्येकाला विचारू, “तुला कधी कळलं?” ज्याला सगळ्यात आधी कळलं त्याच्या घराजवळ उगम. कॅथेटर हेच करतं. हृदयाच्या आत टोक फिरवत प्रत्येक ठिकाणी वीजलहर किती मिलिसेकंदांना पोचली ते नोंदवतं. एकाच ठिणगीतून निघणाऱ्या जलद ठोक्यांसाठी ही पद्धत पुरते.

पण बातमी गोल फिरत असेल तर? अ नं ब ला सांगितलं, ब नं क ला आणि क नं परत अ ला. इथे ‘पहिला’ कोणीच नसतो. अशा चक्रासाठी दुसरी युक्ती आहे. कॅथेटरच्या टोकानं, चालू ठोक्यांपेक्षा किंचित जलद, स्वतःचे ठोके द्यायचे आणि थांबायचं. थांबल्यावर पुढचा ठोका त्याच जागी परत यायला लागलेला वेळ चक्राच्या एका फेरीइतकाच भरला, तर तुम्ही चक्रावर उभे आहात. बराच जास्त भरला, तर चक्राबाहेर. ही चाचणी मला फार आवडते, कारण ती डॉक्टरला ‘चुकलास’ असं स्पष्ट सांगू शकते.

याचं फळही तसंच मिळालं. जन्मतःच हृदयात एक जादा विद्युत-वाट असण्याच्या वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट विकारात जॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये रेडिओलहरींच्या उष्णतेनं ती वाट जाळण्याचे निकाल दिले: १६६ पैकी १६४ रुग्णांत यश. वाट कुठे आहे हे आधी ठरवलं, तिथे डाग दिला, ती बंद झाली. भाकीत आधी, तपासणी नंतर.

फिब्रिलेशनमध्येही एक मोठा शोध असाच लागला. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या एसागेर यांच्या गटानं ४५ रुग्णांत ६९ ठिणग्या शोधल्या. त्यातल्या ९४ टक्के फुफ्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये निघाल्या. आज जगभर या शिरांभोवती डागांचं कडं करून त्यांना विजेच्या दृष्टीनं वेगळं पाडतात, ती पद्धत इथून आली. अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये ती चांगली चालते. कायम मुक्काम ठोकलेल्या फिब्रिलेशनमध्ये कमी. मग ‘उरलेला उगम कुठे?’ हा प्रश्न राहिला. आपला पेपर त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आला.

२०१२चा पेपर

पेपरचं नाव कन्फर्म. प्रमुख लेखक संजीव नारायण, काम सॅन दिएगोमधलं. कल्पना अशी: फिब्रिलेशन दिसायला गोंधळ असला तरी त्यामागे दोन-तीन स्थिर भोवरे किंवा ठिणग्या असतात आणि बाकीचा गोंधळ त्यांच्यातून निघतो. पंखा एक, पण धूळ घरभर. पंखा बंद करा, धूळ बसेल.

हे भोवरे शोधायला आलिंदात टोपलीच्या आकाराचं कॅथेटर उघडतात. त्यात ८ पट्ट्या, प्रत्येकीवर ८ असे ६४ विद्युतबिंदू. त्यांचे सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि पडद्यावर फिरणारी लहर दिसते. या पद्धतीला फर्म म्हणतात.

आकडे असे. ९२ रुग्ण, १०७ प्रक्रिया. ३६ मध्ये आधी भोवऱ्यांवर डाग आणि मग नेहमीचं अब्लेशन, ७१ मध्ये फक्त नेहमीचं. ९७ टक्के प्रकरणांत भोवरे किंवा ठिणग्या सापडल्या, सरासरी दोन. डाग देताना फिब्रिलेशन थांबणं किंवा मंदावणं: ८६ टक्के विरुद्ध २० टक्के. मध्यक २७३ दिवसांनंतर एकाच प्रक्रियेनंतर फिब्रिलेशनमुक्त: ८२.४ टक्के विरुद्ध ४४.९ टक्के.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथेच थांबले आणि मामांना फोन लावला. तुम्ही थांबू नका.

पडद्यावरचा नकाशा म्हणजे फोटो नव्हे

पहिला प्रश्न: त्या नकाशात मोजलेलं किती आणि गणितानं भरलेलं किती?

आलिंदाच्या आतल्या पृष्ठभागावर ६४ बिंदू म्हणजे बऱ्याच मोठ्या शेतात मोजक्या खुंट्या. त्यातही टोपली भिंतीला सगळीकडे टेकत नाही, त्यामुळे काही बिंदूंचे सिग्नल निरुपयोगी असतात. मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. शिवाय अनेक पद्धतींत सिग्नलचं आधी ‘फेज’मध्ये, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारख्या कोनात रूपांतर होतं. ज्या बिंदूभोवती फिरताना काट्याची एक पूर्ण फेरी होते, तिथे भोवऱ्याचं केंद्र.

आता एक प्रयोग तुम्ही स्वतः करा. पायथनमध्ये पंधरा-वीस ओळी पुरतील. ८ × ८ ची चौकट घ्या. प्रत्येक बिंदूला ० ते ३६० अंशांतला कुठलाही कोन चिठ्ठ्या टाकून द्या. मग शेजारच्या चार-चार बिंदूंचा चौकोन घेऊन त्याच्या कडेनं फिरा आणि कोनांतले फरक, प्रत्येक फरक -१८० ते +१८० मध्ये आणून, मिळवा. बेरीज ० आली तर काही नाही. ३६० किंवा -३६० आली तर तिथे ‘भोवरा’.

चार कोन पूर्णपणे यादृच्छिक असतील तर भोवरा येण्याची शक्यता एक तृतीयांश असते. चौकटीत असे चौकोन ४९. म्हणजे सरासरी सोळा भोवरे, आणि तेही हृदय नसताना, लहर नसताना, काहीच नसताना!

लगेच ‘पेपर खोटा’ म्हणायला धावू नका. क्षणभर दिसणारा भोवरा आणि अनेक ठोके टिकणारा भोवरा यांत फरक आहे, आणि लेखक टिकणाऱ्यांबद्दलच बोलत होते. माझ्या चौकटीतले भोवरे पुढच्या क्षणी गायब होतात. पण सिग्नलला अरुंद फिल्टर लावला, म्हणजे एका ठराविक वारंवारतेच्या आसपासचाच भाग ठेवला, की गोंगाटसुद्धा सावकाश बदलतो आणि त्यातले भोवरेही टिकायला लागतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या कोडनं रुग्णांच्या जुन्या नोंदींत ‘टिकाऊ भोवरे’ शोधले होते. पोस्टर तयार होतं, प्रिंटला जायचं बाकी होतं. गाइडनं एवढंच विचारलं, “यात गोंगाट घालून पाहिलास का?” नव्हता पाहिला. त्या रात्री पाहिला. कोडनं गोंगाटातही जवळजवळ तेवढेच भोवरे शोधून दिले. पोस्टर मागे घेतलं, आणि खरं सांगायचं तर आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाही. पण माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण त्याच रात्रीवर उभं आहे.

प्रकाशित संशोधनातही हाच मुद्दा आला. कॅरोलाइन रोनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की बिंदू विरळ असतील तर खोटे भोवरे दिसू शकतात. त्याआधी २०१५ मध्ये लॉस एंजलिसच्या एका गटानं फर्मनं दाखवलेल्या जागांचे मूळ सिग्नल २४ रुग्णांत स्वतंत्रपणे तपासले होते. त्या जागा आणि आजूबाजूच्या जागा यांत मोजता येईल असा खास फरक त्यांना मिळाला नाही.

तुलना कोणाशी?

दुसरा प्रश्न: दोन गट कसे पडले?

कन्फर्ममध्ये रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. त्यामुळे ८२ आणि ४५ मधला फरक पूर्णपणे भोवऱ्यांमुळेच आहे असं म्हणता येत नाही. शिवाय एका गटाला भोवऱ्यांवरचे डाग जास्तीचे मिळाले. मग फायदा जागेचा की जास्तीच्या डागांचा? हे वेगळं करायचं तर तिसरा गट हवा: तेवढेच डाग, पण नकाशाशी संबंध नसलेल्या जागी. चक्राच्या चाचणीसारखी, ‘चुकलास’ म्हणू शकणारी पायरी इथे नव्हती.

डाग देताना फिब्रिलेशन थांबलं, हा पुरावा डोळ्यांना फार पटतो. पण थांबणं आणि वर्षभर परत न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवस केल्यावर ताप उतरला म्हणून नवसानं उतरला असं होत नाही.

तिसरा प्रश्न: बाहेरच्या कोणाला हे तपासता येतं का? नकाशा काढणारं सॉफ्टवेअर टोपेरा कंपनीचं होतं आणि आतली रीत पूर्ण उघड नव्हती. नारायण यांचा त्या तंत्राच्या शोधात आणि कंपनीत हिस्सा होता, आणि हे पेपरमध्येच नोंदवलेलं आहे. हितसंबंध उघड करणं हा प्रामाणिकपणा आहे, गुन्हा नव्हे. वाचणाऱ्यानं त्यातून एवढंच घ्यायचं की आता स्वतंत्र गटाच्या निकालाची वाट पाहू. बाजारानं वाट पाहिली नाही. २०१४ मध्ये अबॉटनं ती कंपनी विकत घेतली.

स्वतंत्र निकाल नंतर आले. २०१६ आणि २०१७ मध्ये अनुक्रमे ४३ आणि ४७ रुग्णांवरचे दोन अनुभव छापले गेले. दोन्हींत दीर्घकाळचं यश निम्म्याच्याही बरंच खाली होतं. २०१९ मध्ये रीअफर्म ही चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी सादर झाली. नेहमीच्या अब्लेशनला फर्म जोडल्यानं फायदा झाल्याचं तिच्यात सिद्ध झालं नाही.

याच्या जोडीला स्टार एएफ टू ही २०१५ची चाचणी ठेवा. ५८९ रुग्ण, मुक्काम ठोकलेलं फिब्रिलेशन. फक्त शिरा वेगळ्या पाडल्या तर ५९ टक्के यश. त्यात गुंतागुंतीच्या सिग्नलच्या जागाही जाळल्या तर ४९, जास्तीच्या रेषा जाळल्या तर ४६. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकत नाही, पण ‘जास्त जाळलं तर जास्त बरं’ या समजुतीला आधार उरला नाही.

पेपरच्या बाजूनं

टीका म्हणजे फक्त खोड काढणं नव्हे, म्हणून दुसरी बाजूही बघू.

एक, भोवरे ही कल्पनाच काल्पनिक नाही. प्राण्यांच्या हृदयावर प्रकाशात चमकणारे रंग वापरून ते प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत. ग्रे, पर्त्सोव्ह आणि हालिफे यांचा १९९८चा पेपर जरूर वाचा. प्रश्न ‘भोवरे असतात का’ हा नाही. प्रश्न आहे ‘६४ बिंदूंतून, माणसात, ते खात्रीनं दिसतात का’.

दोन, कन्फर्मच्या लेखकांनी नंतर एक चांगला प्रश्न विचारला. तुलनेच्या गटातही नकाशे काढले होते, फक्त वापरले नव्हते. ज्यांच्यात नेहमीचे डाग योगायोगानं भोवऱ्यांवरून गेले, त्यांचे निकाल बरे निघाले. मागे वळून केलेलं विश्लेषण असल्यामुळे हा पुरावा कच्चाच, पण दिशा बरोबर होती.

तीन, टीकाकारांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. फर्मच्या विरोधात जाणारा ओएसिस नावाचा पेपर २०१६ मध्ये आला आणि त्याच वर्षी मागे घेतला गेला, कारण त्यातली वाटणी खरंच चिठ्ठ्या टाकून झाली होती का, यावरच प्रश्न उभा राहिला. आपल्याला हवा तो निकाल देणारा पेपरही तितक्याच कडकपणे वाचा.

आणि शोध थांबलेला नाही. २०२५ मध्ये टेलर्ड-एएफ चाचणी छापली गेली. ३७४ रुग्ण, कृत्रिम बुद्धिमत्तेनं सुचवलेल्या जागांवर डाग. वर्षभरानं फिब्रिलेशनमुक्त ८८ टक्के, तुलनेच्या गटात ७०. इथे वाटणी यादृच्छिक आहे, म्हणजे क्षेत्र शिकलं. पण खालची ओळ वाचा: फिब्रिलेशनसोबत आलिंदाचे इतर जलद ठोकेही मोजले, तर एका प्रक्रियेनंतर दोन गटांत ठळक फरक राहिला नाही. एक गोंधळ गेला, काहींत त्याच्या जागी दुसरी लय आली. यशाची व्याख्या कोणती, हा म्हणून चौथा प्रश्न.

हे हृदय कोणाचं?

पाचवा प्रश्न मला मामांच्या डॉक्टरांनी शिकवला. ते फाइल बघून म्हणाले, “तू सांगतेस त्या पेपरातले रुग्ण आणि तुझे मामा यांचा आजार एकच आहे का?”

याचं उत्तर आपल्याच देशातल्या कामात आहे. इंडियन हार्ट रिदम सोसायटीच्या नोंदवहीचा अहवाल २०१७ मध्ये आला, प्रमुख लेखक मुंबईचे डॉ. अमित व्होरा. २४ केंद्रं, १५३७ रुग्ण. सरासरी वय ५४.७ वर्षं. आणि ४७.६ टक्के रुग्णांत संधिवाती तापानं बिघडलेली झडप. पाश्चात्य देशांत आज हे कारण क्वचित दिसतं आणि तिथले फिब्रिलेशनचे रुग्ण बरेच वयस्क असतात. अरुंद झडपेमागे वर्षानुवर्षं दाब सोसून आलिंद ताणलेलं, जागोजागी व्रण पडलेलं असतं. सॅन दिएगोतल्या हृदयाचा नकाशा त्यावर तसाच ठेवता येत नाही.

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, डॉ. व्होरा, डॉ. यश लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी झडपेच्या आजारातल्या १४४ फिब्रिलेशन रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली होती. सरासरी वय चाळिशीच्या आत. प्रश्न साधा होता: अशा तरुण रुग्णांत फक्त ठोक्यांचा वेग आवरावा की लय परत आणायचा प्रयत्न करावा? लय टिकली त्यांची श्रम करण्याची क्षमता सुधारली. या पेपरात रंगीत नकाशा नाही, फिरणारी लहर नाही. पण प्रश्न आपल्या रुग्णांचा आहे आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून आहे. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा पेपर कन्फर्मच्या शेजारी ठेवून वाचा.

तुमच्या वहीसाठी

‘उगम सापडला’ म्हणणारा पुढचा पेपर हातात आला की हे पाच प्रश्न विचारा.

१. उगम नसतानाही ही पद्धत उगम दाखवेल का? गोंगाट घालून पाहिला का?
२. गट कसे पडले, आणि जास्तीच्या उपचाराचा परिणाम वेगळा काढला का?
३. लेखकांशी संबंध नसलेल्या कोणाला तेच सापडलं का?
४. यशाची व्याख्या काय? कोणत्या व्याख्येनं फरक नाहीसा होतो?
५. हे कोणाच्या शरीरातून, कोणत्या मातीतून, कोणत्या नदीतून आलेले आकडे आहेत, आणि आपल्याकडे लागू पडतात का?

पहिला प्रश्न स्वतःच्या कामाला सगळ्यात आधी विचारा. पोस्टर प्रिंटला जायच्या आधी.

मामांना मी काय सांगितलं? खोटी आशा परत द्यायची नव्हती आणि विज्ञान म्हणजे भूलथापा असंही वाटू द्यायचं नव्हतं. म्हटलं, “मामा, काही आजारांत जागा नक्की सापडते. तुमच्या आजारात अजून तशी खात्रीनं सापडत नाही. मी घाईनं बोलले होते. तुम्हाला आज जपते ती ही गोळी, आणि झडपेचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.” गोळीबद्दल मी ठामपणे बोलू शकले, कारण तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. झडपेच्या आजारातल्या साडेचार हजारांहून जास्त रुग्णांवरच्या २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत नव्या रिव्हरॉक्झबॅन गोळीपेक्षा जुनी, रक्त तपासून घ्यायची गोळीच सरस ठरली.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंग सोमवारी बुलढाण्याले जाऊन येतो. तू शोधत राह्य.”

सोमवारी त्यांना एसटीत बसवून दिलं आणि मी पुण्याची गाडी धरली.